शेवाळ, चौशिंगा आणि जीवांची प्रतवारी

सर्व जीव समान आहेत असे मानणाऱ्या धर्मविचारालाही व्यवहारात कोणता जीव आधी राखावा हे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना वापरलेल्या मापाचा मूळ सिद्धांताशी मेळ कसा घालायचा, हा भारतीय अहिंसाविचारातील फार जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न आहे. माणूस आणि पशू किंवा गाय आणि वाघ अशा जोड्या घेऊन तो मांडला, तर माणसाचे हितसंबंध, भीती आणि श्रद्धा मध्ये येतात आणि विचार गढूळ होतो. एकमेकांपासून शक्य तितके दूर असलेले दोन जीव समोर ठेवले, तर मापातील दोष लवकर उघडे पडतात. म्हणून येथे एका बाजूला सायनोबॅक्टेरिया, म्हणजे साचलेल्या पाण्यात आणि ओल्या बांधावर वाढणारे, कृषी खाते ज्यांना निळे-हिरवे शेवाळ म्हणते ते सूक्ष्म जीव घेतले आहेत. आणि दुसऱ्या बाजूला चौशिंगा, म्हणजे भारतीय रानातील चार शिंगांचा, लाजरा आणि संख्येने घटत चाललेला कुरंग घेतला आहे. या दोघांपैकी कोणाचे जीवन अधिक मोलाचे, या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ पाहणारा प्रत्येक विचार कुठे ना कुठे अडखळतो, आणि तो कुठे अडखळतो हे पाहणेच अधिक उद्बोधक आहे.

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि भोवतालचे वारणा खोरे या विचारासाठी सोयीची भूमी आहे. जीवमात्राविषयी ज्यांनी नेमकेपणाने विचार केला त्यांतील अनेक परंपरा या भागात शेजारीशेजारी नांदतात: कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर दर्शनाला जाणारा दिगंबर जैन शेतकरी समाज, पंढरीच्या वाटेने जाणारे माळकरी, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नेणारे भाविक आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या एकोणिसाव्या शतकातील कार्यातून उभा राहिलेला ख्रिस्ती समाज. शिवाय येथील शेती उसाची आणि जोडधंदा दुधाचा असल्यामुळे पाणी, खत आणि जनावर या तीन गोष्टींचा विचार येथे रोजच करावा लागतो. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे शेवाळ व चौशिंगा यांचा प्रश्न शेवटी या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबतो.

चौशिंगा खांद्याशी जेमतेम ६० सेंटिमीटर उंच आणि वजनाने २० किलोच्या आसपास असतो. चार शिंगे फक्त नराला असतात: मागची जोडी ८ ते १० सेंटिमीटरची, तर डोळ्यांच्या वर कपाळावर येणारी पुढची जोडी इतकी आखूड की काही नरांमध्ये तिची केवळ गाठ जाणवते. रानात राहणाऱ्या शिंगवाल्या प्राण्यांत स्वभावतः चार शिंगे असलेला दुसरा प्राणी जगात नाही. कुरंग कुळातील प्राण्यांची शिंगे पोकळ आणि कायमची असतात. सांबर, चितळ आणि भेकर हे सारंग कुळातील असल्यामुळे त्यांची शिंगे गळून पुन्हा येतात. पन्हाळा आणि चांदोलीच्या बाजूला ज्याची कुत्र्यासारखी भुंकणारी हाक ऐकू येते तो भेकर, आणि पुष्कळदा त्याच्याशी गल्लत होत असली तरी चौशिंगा हा वेगळा प्राणी आहे. वारणेच्या उगमाकडील चिंब, दाट जंगल हे त्याचे खरे घर नव्हे. तो पानगळीच्या, उंच गवताच्या, कोरड्या रानातला असून महाराष्ट्रात मेळघाट आणि ताडोब्याकडे आढळतो. तो कळपाने राहत नाही, एकटा किंवा जोडीने फिरतो, ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, आणि पाण्यावाचून त्याचे भागत नसल्यामुळे पाणवठ्यापासून फार दूर जात नाही. भारत आणि नेपाळ सोडून तो कुठेही नाही, आणि त्याची एकूण संख्या दहा हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. आंतरराष्ट्रीय यादीत तो असुरक्षित वर्गात आहे, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या प्राण्यांत, स्थान दिले आहे.

सायनोबॅक्टेरियाला शेवाळ म्हणणे ही रूढी आहे. शास्त्रीयदृष्ट्या तो जीवाणू आहे, कारण त्याच्या पेशीत केंद्रक, म्हणजे आनुवंशिक द्रव्य वेगळे राखणारे वेष्टन, नसते. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडून प्राणवायू मोकळा करण्याची क्रिया पृथ्वीवर प्रथम याच जीवांमध्ये घडून आली, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो प्राणवायू हवेत साचू लागला. त्यापूर्वीच्या जीवसृष्टीला हा वायू विषच होता, त्यामुळे पुढच्या सर्व श्वासोच्छ्वासाचा पाया घालणारी ही घटना तत्कालीन जीवांच्या दृष्टीने मोठे अरिष्ट असणार. बागलकोट जिल्ह्यातील कलादगीच्या परिसरात चुनखडकांत दिसणारे स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे अशा जीवांच्या थरांवर थर साचून झालेले घुमटाकार दगड, या जीवांच्या प्राचीनतेची साक्ष देतात. याहून विलक्षण गोष्ट अशी की हिरव्या पानातील हरितलवक, ज्याच्यात अन्न तयार होते तो पेशीचा घटक, हा मुळात दुसऱ्या पेशीत शिरून तेथेच स्थिरावलेला सायनोबॅक्टेरियम आहे. हा विचार १९०५ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी मांडला, १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी त्याला नव्याने बळ दिले, आणि आज तो सर्वमान्य आहे. कोडोलीच्या शिवारातील उसाच्या प्रत्येक पानात त्या पूर्वजाचे वंशज काम करीत आहेत, आणि चौशिंगा जो पाला खातो त्यातही तेच आहेत.

या दोघांची भेट घडवायची तर ती जंगलात न शोधता गोठ्याशेजारी शोधावी लागते. अनेक शेतकरी गोठ्यालगत उथळ खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, माती, शेणकाला आणि थोडे सुपर फॉस्फेट घालून पाणी भरतात आणि त्यात अझोला सोडतात. काही दिवसांत पाणी दिसेनासे होते आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या नक्षीची साय धरते. अझोला ही तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती आहे, आणि तिच्या प्रत्येक बारीक पानाच्या वरच्या दलात एक पोकळी असते. त्या पोकळीत ॲनाबीना या सायनोबॅक्टेरियाच्या मण्यांच्या माळेसारख्या साखळ्या राहतात. साखळीतील बहुतेक पेशी प्रकाशावर जगतात, पण मधून मधून एखादी पेशी फुगीर, फिकट आणि जाड भिंतीची होते. तिला हेटेरोसिस्ट म्हणतात. हवेतील नत्र पकडण्याचे काम ज्या विकराने होते तो प्राणवायूने निकामी होतो, म्हणून ही पेशी प्राणवायू निर्माण करणे थांबवते, शेजारच्या पेशींकडून साखर घेते आणि त्यांना नत्र पुरवते. मात्र त्यानंतर ती कधीही विभागत नाही, तिला संतती होत नाही. याला त्याग म्हणण्याचा मोह होतो, परंतु जिथे इच्छाच नाही तिथे त्याग हा शब्द वापरणे विचाराला धरून होणार नाही. सकाळी हा अझोला चाळणीत धुऊन आंबोणात मिसळला जातो आणि म्हशीपुढे येतो. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात चौशिंगा काळविटापेक्षा गाईम्हशींना जवळचा आहे. तो आणि नीलगाय मिळून गाईबैलांच्याच उपकुळातील एक प्राचीन शाखा बनते, जिचे हे दोनच प्रतिनिधी आज हयात आहेत. म्हणजे चौशिंग्याची एक नातलग आणि सायनोबॅक्टेरियम यांचा संबंध म्हशीच्या घमेल्यात रोज येतो, आणि तो संबंध खाणारा आणि खाद्य असा आहे.

या संबंधाचा सर्वांत बारकाईने विचार जैन तत्त्वज्ञांनी केला. त्यांनी जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली: केवळ स्पर्श जाणणारे ते एकेंद्रिय, त्यात पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांना शरीर म्हणून धारण करणारे जीव आणि सर्व वनस्पती येतात, त्यानंतर दोन, तीन, चार इंद्रियांचे जीव, आणि शेवटी पंचेंद्रिय, त्यातही मन असलेले आणि नसलेले. प्राण या संज्ञेने ते जीवनाच्या शक्ती मोजतात. एकेंद्रियाला स्पर्श, शरीरबल, श्वास आणि आयुष्य असे चार प्राण आहेत, तर मन असलेल्या पंचेंद्रियाला पाच इंद्रिये, मन-वाणी-शरीर ही तीन बले, श्वास आणि आयुष्य असे दहा. शेवाळाची गणना ते अनंतकायांत करतात, म्हणजे ज्याच्या एका शरीरात अनंत जीव एकत्र राहतात, एकत्र श्वास घेतात, एकत्र मरतात अशा वनस्पतींत. या वर्णनात आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र आधीच सापडते असा दावा कधी कधी केला जातो. तो दोन्ही ज्ञानशाखांवर अन्याय करणारा आहे, कारण जैन विचारकांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता आणि त्यांचा प्रश्नही वेगळा होता. किती सूक्ष्म जीव आहेत यापेक्षा त्यांच्याशी वागण्याची जबाबदारी किती, हे त्यांना ठरवायचे होते.

या शिडीने पाहिले तर चौशिंगा वर आणि शेवाळ अगदी खाली, हे उत्तर तत्काळ मिळते. पण जैन सिद्धांत तेथे थांबत नाही, कारण ही प्रतवारी शरीराची आहे, आत्म्याची नव्हे. शेवाळातील जीव आणि चौशिंग्यातील जीव यांचे मूळ स्वरूप एकच, अनंत ज्ञानाचे, आहे; कर्माच्या आवरणाने एकाची एकच खिडकी उघडी राहिली आहे आणि दुसऱ्याच्या पाच. तेव्हा ही शिडी मोल सांगत नाही, इजा किती होऊ शकते एवढेच सांगते. ज्याच्यापाशी हिरावून घेण्यासारखे दहा प्राण आहेत त्याची हिंसा चार प्राण असणाऱ्याच्या हिंसेहून भारी ठरते.

या सिद्धांताची कसोटी पाहणारा एक युक्तिवाद प्राचीन काळीच पुढे आला होता. श्वेतांबर आगमांतील सूत्रकृतांगात आर्द्रक मुनींचा हस्तितापसांशी झालेला वाद येतो. हे तापस वर्षातून एक हत्ती मारीत आणि त्यावर वर्षभर निर्वाह करीत. रोज असंख्य दाणे, कंद आणि पाने खाऊन अगणित जीवांची हत्या करण्यापेक्षा एकच जीव मारणे दयेचे नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. वर्षाला एकच जीव मारणाराही दोषमुक्त होत नाही, असे उत्तर त्यांना मिळते. दहाव्या शतकातील दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनीही पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात हाच विचार खोडून काढला आहे: अनेक लहान जीवांच्या घातातून होणाऱ्या अन्नापेक्षा एका मोठ्या जीवाच्या घातातून मिळणारे बरे, असे मनात आणून मोठ्या जीवाला मारू नये. या निषेधाचे महत्त्व मोठे आहे. संख्या हे माप येथे स्पष्टपणे नाकारले जाते. कोट्यवधी शेवाळपेशींची बेरीज केली तरी एका चौशिंग्याची वेदना तयार होत नाही, कारण बेरजेतील कोणत्याच पदात ती वेदना नाही. शून्य कितीही वेळा मिळवले तरी शून्यच राहते, असे या विचाराचे आधुनिक रूप म्हणता येईल. अर्थात अमृतचंद्र शेवाळाला शून्य म्हणणार नाहीत. त्यांच्या मते त्यालाही स्पर्श आहे. येथे आधुनिक मत आणि जैन मत वेगळे होतात, आणि ते वेगळेपण बुजवू नये.

ज्ञानदेवांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा या एका पदावरचे विवेचन असाधारण लांबीचे आहे, आणि त्याच्या आरंभी ज्ञानदेव अहिंसेच्या नावाखाली होणारी हिंसा एकामागून एक दाखवतात. जीव वाचवण्यासाठी औषध करायचे आणि त्यासाठी झाडे मुळासकट उपटायची, साली काढायच्या, म्हणजे जीवासाठी जीवघात करायचा, हे आयुर्वेदाबद्दल ते सांगतात. धर्म म्हणून पाणी गाळायला घेतले तर गाळण्याच्या क्रियेतच जीव मरतात, हेही ते सांगतात. हिंसेच्या भयाने अन्न न शिजवणाऱ्याचे स्वतःचे प्राण कष्टी होतात आणि तीही हिंसाच ठरते. पाणी गाळण्याचा आचार कोल्हापूर भागातील जैन घरांत आजही पाळला जातो, आणि ज्ञानदेवांचे बोट नेमके कोणाकडे होते यावर वाद होऊ शकतो. तथापि त्यांचा मुद्दा एखाद्या पंथापुरता नाही. कोणत्याही क्रियेने हिंसा पूर्ण टाळता येत नाही, म्हणून क्रियेचा हिशेब मांडून अहिंसा सिद्ध होणार नाही, हे त्यांना दाखवायचे आहे. त्यानंतर ते अहिंसक पुरुषाचे चालणे वर्णितात, आणि धुळीच्या कणांत चिमुकले जीव गुंतले आहेत हे जाणून जपून पडणारे त्याचे पाऊल हा त्या वर्णनाचा सर्वांत कोवळा भाग आहे. सूक्ष्म जीवाला येथे हक्क नाही, त्याची गणनाही नाही. आहे ती चालणाऱ्याच्या मनाची मृदुता, जी मोठा जीव आणि लहान जीव असा भेद करण्यासाठी थांबत नाही.

ख्रिस्ती परंपरेत हे दोन्ही धागे एकाच वचनात येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या शिकवणीनुसार कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीही ईश्वराच्या इच्छेवाचून जमिनीवर पडत नाही, आणि लगेच पुढे शिष्यांना सांगितले जाते की त्यांचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे. प्रतवारी राहते, पण तिच्या तळाशी असलेला जीव दुर्लक्षित राहत नाही. १९१५ मध्ये गॅबनमधील ओगोवे नदीतून प्रवास करताना अल्बर्ट श्वाइट्झर यांना जीवनाविषयीचा आदर ही कल्पना सुचली, तेव्हा त्यांनी यातील प्रतवारीच काढून टाकली: उच्च आणि नीच जीवन असा भेद करणे माणसाच्या अधिकारात नाही, असे त्यांचे मत होते, आणि तरीही वैद्य म्हणून ते आयुष्यभर रोगजंतू मारीत राहिले, ज्याची बोच त्यांनी कधी लपवली नाही. पुढे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये दुःख जाणण्याची क्षमता ही नैतिक विचाराची सीमारेषा ठरवली, ज्यामुळे चौशिंगा आत आणि शेवाळ पूर्णपणे बाहेर गेले. तर तत्त्वज्ञ पॉल टेलर यांनी १९८६ मध्ये प्रत्येक जीवाला त्याचे स्वतःचे हित असते, म्हणून सर्वांना सारखाच आदर द्यावा, अशी बाजू मांडली. टेलर यांची भूमिका उदार आहे, पण ती हित कोणाचे या प्रश्नावर घसरते.

कारण सायनोबॅक्टेरियाच्या बाबतीत कोण हेच सांगता येत नाही. एक पेशी दुभंगते आणि दोन होतात. पहिली मेली म्हणावे तर प्रेत कुठे, आणि जिवंत म्हणावे तर दोघींपैकी कोणती? ॲनाबीनाच्या साखळीत हित एका पेशीचे की साखळीचे? चौशिंगा एक असतो. त्याच्या भीतीला, तहानेला, पिलामागे थांबण्याला एक मध्य असतो. वंध्य हेटेरोसिस्टला स्वतःचे हित आहे असे म्हणताच विचार अर्थशून्य होतो. जैनांनी अनंतकायाची कल्पना करून ही अडचण निदान मान्य केली होती. पाश्चात्त्य नीतिशास्त्राने व्यक्ती हाच घटक गृहीत धरल्यामुळे त्याला ती दिसायला फार वेळ लागला.

मग चौशिंग्याच्या दुर्मीळपणाचे काय? संकटग्रस्त हे विशेषण ऐकताच त्याचे मोल वाढल्यासारखे वाटते, पण हा भास तपासून पाहावा लागतो. एखाद्या चौशिंग्याला जखम झाली तर तिची वेदना त्याच्या जातीची संख्या किती यावर अवलंबून नसते. धनगराच्या कळपातील शेळीला तीच जखम तेवढीच दुखते. वेदनेच्या मापाने दुर्मीळपणाला शून्य किंमत आहे. तरीही शेवटचे चौशिंगे नाहीसे होणे आणि तितक्याच शेळ्या मरणे या दोन घटना सारख्या नाहीत, आणि हे वेगळेपण भावनेचा खेळ नव्हे. चौशिंग्याच्या प्रजातीत दुसरी जात नाही. ती गेली तर गाईबैलांच्या उपकुळातील प्राचीन शाखेची एक फांदी कायमची तुटते. मुख्य म्हणजे ती तुटण्यास आलेली आहे ती माणसाने रान तोडल्यामुळे, चराईमुळे आणि शिकारीमुळे. दुर्मीळपणा हा चौशिंग्याचा गुण नाही. माणसाच्या कर्माची ती नोंद आहे. कायदा चौशिंग्याला पहिल्या अनुसूचीत घालतो तेव्हा तो त्या प्राण्याची थोरवी सांगत नसतो, माणसाच्या अपराधाची भरपाई करीत असतो.

सायनोबॅक्टेरियाला असा कोणताही कायदा नाही, आणि तो हवाही आहे असे नव्हे. प्रोक्लोरोकॉकस हा समुद्रातील सायनोबॅक्टेरियम, ज्याचा शोध १९८० च्या दशकात लागला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असून पृथ्वीवरील सर्वाधिक संख्येच्या प्रकाशजीवी जीवांत गणला जातो. त्याला संरक्षणाची गरज नाही. परंतु गरज नसणे आणि देणे नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमके येथेच भारतीय परंपरेतील ऋणाची कल्पना अधिक उपयोगी पडते. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊनच माणूस जन्मतो असे मानले गेले, आणि रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे इतर जीवांसाठी काढून ठेवलेला घास, समाविष्ट झाला. ऋणकोला धनको दुःखी आहे की नाही हे पाहावे लागत नाही. त्याने घेतले आहे, एवढे पुरे. श्वास, अन्न आणि हिरवे पान या तिन्ही गोष्टी सायनोबॅक्टेरियाकडून आल्या आहेत, म्हणून माणूस त्याचा ऋणी आहे, आणि चौशिंगाही. २०१२ मध्ये भारताने दही लावणाऱ्या लॅक्टोबॅसिलस या जीवाणूला राष्ट्रीय सूक्ष्मजीव घोषित केले, त्यामागे काहीशी अशीच कृतज्ञता होती, आणि दुधाच्या वारणा खोऱ्याला तर ती मनापासून पटावी. मात्र सायनोबॅक्टेरियाचे देणे याहून कितीतरी मोठे आहे.

म्हणून या दोघांना एकाच तराजूत घालणे हीच मूळ चूक आहे. चौशिंग्याशी माणसाचे नाते करुणेचे आणि अपराधाच्या भरपाईचे आहे, तर शेवाळाशी ते ऋणाचे आहे. करुणा व्यक्तीवर केली जाते, तिला एक चेहरा लागतो, आणि इंद्रियांची जैन शिडी करुणेचे प्रमाण ठरवण्यास अजूनही उपयोगी आहे. ऋण वंशाचे असते, त्याला चेहरा लागत नाही, आणि तेथे शिडी उलटी होते: जितका जीव साधा आणि प्राचीन, तितके त्याचे देणे मोठे. श्रेष्ठ कोण या प्रश्नाला एक उत्तर मिळत नाही याचे कारण माणसाची दोन कर्तव्ये त्यात एकत्र मिसळलेली आहेत.

ही दोन कर्तव्ये एकमेकांना छेदतात ती जागा पाण्याची आहे. १९३९ मध्ये शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी भातखाचरातील नत्राचा साठा निळ्या-हिरव्या शेवाळामुळे टिकतो हे दाखवले, आणि १९५० मध्ये आर. एन. सिंह यांनी याच शेवाळाच्या साहाय्याने ऊसर, म्हणजे क्षारांनी नापीक झालेली, जमीन सुधारता येते असे मांडले. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठच्या ज्या जमिनी अतिपाण्याने क्षारपड आणि चोपण झाल्या आहेत, त्यांच्या मालकांसाठी ही माहिती पुस्तकी नाही. पण ज्या शेतात हा जीव मित्र ठरतो त्याच शेतातून वाहून गेलेले खत त्याला नदीत आणि तळ्यात शत्रू बनवते. स्फुरद आणि नत्र अति झाले, पाणी संथ झाले आणि ऊन तापले की मायक्रोसिस्टिससारख्या जाती पृष्ठभागावर हिरव्या रंगासारख्या पसरतात आणि त्यातील काही यकृताला घातक विष तयार करतात. २०२० मध्ये बोत्सवानात ३०० हून अधिक हत्ती मरून पडले, तेव्हा तेथील सरकारने पाणवठ्यांतील सायनोबॅक्टेरियाचे विष हे कारण असल्याचा निष्कर्ष काढला. पाणवठा धरून राहणाऱ्या चौशिंग्यासारख्या प्राण्याला असा धोका कधी पोहोचलाच, तर दोष शेवाळाचा नसून पाण्यात जे सोडले गेले त्याचा असेल.

गृहस्थाच्या हिंसेचे जैन आचारशास्त्र चार प्रकार करते: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी. पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्या गृहस्थाला टाळता येत नाहीत, म्हणून त्या कमीत कमी कराव्यात. उसाची लावण करताना नांगराखाली मरणारे जीव उद्योगी हिंसेत येतात आणि कोडोलीच्या शेतकऱ्याला त्यासाठी कोणीही दोष देणार नाही. पण पिकाला लागते त्याहून अधिक टाकलेले खत कोणाचीही भूक भागवत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार हिंसेचे लक्षणच प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे, प्राणांना इजा करणे हे आहे, आणि हे खत त्या लक्षणात अचूक बसते. पाणी हिरवे झाल्यावर शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकणे हा जुना उपाय आहे, आणि इंद्रियांच्या शिडीने पाहिले तर त्यात फारसे पाप नाही. मात्र पेशी फुटल्या की त्यांच्या आत साठलेले विष एकदम पाण्यात मोकळे होते. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले, आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्यामुळे शेवाळ मारावे की राखावे, हा प्रश्न तळ्याच्या काठावर उभे राहून सोडवता येत नाही. त्याचा निर्णय पुष्कळ आधी, उसाच्या सरीत खताची मात्रा पडते तेव्हाच होऊन गेलेला असतो.